आठवड्याला एक डबा समुद्र

शनिवार, ३ जानेवारी १९५९. केडगाव

पुण्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडीन सांगत, रोज निजण्यापूर्वी आपली एक चूक वहीत लिहावी. आम्ही मिशनची माणसं, त्या रोमन कॅथलिक. तरी शिस्त म्हणून मी ती सवय ठेवली. फरक इतकाच की गेली चाळीस वर्षं मी बहुधा दुसऱ्यांच्या चुका लिहीत आले. त्या जास्त सापडतात.

आजची चूक शिरूरच्या शाळेची. चौतीस वर्षं मी तिथे मुलींना शास्त्र शिकवलं आणि रविवारी उपासनेला केडगावच्या घरी येत राहिले. एकतीस तारखेला निरोपसमारंभ झाला आणि मला छत्री दिली. शिरूरला पाऊस किती पडतो हे मीच ह्या लोकांना शिकवलं होतं. वर हेडमास्तर भाषणात म्हणाले, "केदारीबाई आता स्वस्थ बसतील." ह्यांना कोणी सांगितलं?

दुसऱ्याच दिवशी मुंबईला गेले, नवा चष्मा करायला. आज तो घेतला आणि गाडीला वेळ होता म्हणून ओहोटीला कुलाब्याच्या खडकांवर उतरले. गुडघे कुरकुरले, पण शेवाळावर मला ती दिसली. सत्तावीस वर्षांनी! चार होती. मुरंब्याच्या बरणीत समुद्राचं पाणी आणि थोडं शेवाळ घालून चारही घेतली.

पुण्याहून दौंडच्या गाडीत एवढी गर्दी की बरणी फुटायचीच. ह्या गाडीचे गार्ड पीटर रणपिसे आमच्याच चर्चचे. त्यांची मयत बायको मरियम शाळेत माझी सहकारी होती. त्यांनी बरणी शेवटच्या डब्यात, आपल्या ब्रेकव्हॅनमध्ये, ठेवून घेतली. केडगावला परत देताना म्हणाले, "दर स्टेशनाला उघडून बघितलं, बाई. चौघं बी हायत."

उघडायला कोणी सांगितलं होतं, असं मी विचारलं. त्यांनी गाडीला शिट्टी दिली.

सोमवार, ५ जानेवारी

नव्या चष्म्यातून दोन दिवस पाहते आहे. नीट लिहून ठेवते.

हा समुद्रातला गोगलगायीच्या जातीचा जीव, पण पाठीवर शंख नाही. लांबी करंगळीच्या पेराहून कमी. रंग कोवळ्या पानाचा. अंगाच्या दोन्ही बाजूंना पातळ पदर; ते पाठीवर मिटले की गुंडाळलेलं पान, उजेडात उघडले की पसरलेलं पान, शिरांसकट. डोक्यावर दोन गुंडाळलेली शिंगं आणि त्यांच्या मागे टाचणीच्या टोकाएवढे दोन काळे डोळे. शेवाळाच्या काडीला दात टोचून आतला हिरवा रस तेवढा ओढून घेतं. शास्त्रीय नाव मला माहीत नाही. मी त्यांना पानं म्हणते.

सोजरा सकाळी झाडायला आली आणि बरणीपाशी ओरडली, "आगं बया! बाई, मेथीचं पान चालाया लागलं!" चौतीस वर्षांत एकाही मुलीने इतकं अचूक वर्णन केलं नव्हतं.

१९३२ सालच्या मे महिन्यात मी रत्नागिरीला मैत्रिणीकडे होते. तेव्हा अशी पानं काचेच्या भांड्यात, खिडकीशी, शेवाळाशिवाय पाच आठवडे ठेवली होती. ती मेली नाहीत. फिकीही पडली नाहीत. एक प्राणी झाडासारखा उजेडावर तग धरतो! मी मुंबईच्या एका शास्त्रीय पत्रिकेला लिहिलं. तीन ओळींचं उत्तर आलं. प्राणी उजेडावर जगत नाहीत. आपल्या नजरेतून काही अन्न सुटलं असावं. मुलींना शिकवताना अशा कल्पना टाळाव्यात.

ते पत्र माझ्याकडे अजून आहे. ह्या वेळी त्यांना एकही फट ठेवणार नाही. दोन बरण्या, एक उजेडात, एक काळ्या कापडात कपाटात. दोन्हींत शेवाळ नाही. पाणी मलमलीतून आणि टीपकागदातून गाळलेलं. साठ दिवस. आणि साक्षीदार हवा, कारण बाईमाणसाची नजर पत्रिकेला पुरत नाही.

अडचण एकच. केडगावला समुद्र नाही. पाणी दर आठवड्याला बदललं नाही तर घाण होतं.

मंगळवार, ६ जानेवारी

रणपिसेंची गाडी मंगळवारी दुपारी पुण्याहून येते आणि मागची मेल पुढे काढायला केडगावात वीस मिनिटं थांबवतात. माझं घर स्टेशनच्या कुंपणाला लागून आहे. फलाटावर जाऊन त्यांना विचारलं, मुंबईच्या गाड्यांवर कोणी ओळखीचं आहे का.

त्यांनी हिरव्या बावट्याची घडी घातली. मग म्हणाले, "हाय की एक सोबती. त्यो पुण्यापतुर आणील. पुण्यापासनं मी."

"पितळेच्या भांड्यात नको. तांब्याचा अंश लागला तरी मरतील."

"एनॅमलचा डबा हाय घरी. झाकणाचा. मरियमचा दुधाचा."

"साक्षीदार म्हणून दर मंगळवारी सहीही लागेल. आपण पाहिलं तेवढंच लिहायचं. मनचं काही नाही."

"गार्डाला तेवढंच येतं, बाई," ते म्हणाले.

रविवार, २५ जानेवारी

बरोबर आणलेलं शेवाळ संपलं; आज प्रयोग सुरू. उजेडात दोन पानं, अंधारात दोन.

उपासनेला रणपिसे पुन्हा नव्हते. ओळीने हा तिसरा रविवार. ते भजनात भलत्याच पट्टीत गातात, त्यामुळे बरं वाटायला हवं. पण सवयीने कान त्या सुराची वाट पाहतो आणि माझी ओळ चुकते. आजची चूक त्यांची.

मंगळवार, २७ जानेवारी

दोन्ही बरण्या टोपलीत घालून फलाटावर नेल्या. लोकांना वाटलं लोणचं आहे. रणपिसेंनी ब्रेकव्हॅनच्या पायरीवर बसून एकेक पान पाहिलं, घड्याळ काढलं आणि माझ्या वहीत लिहिलं: "१६ वाजून ४२ मिनिटे. उजेडाची बरणी, नग दोन, हिरवे, चालते. अंधाराची बरणी, नग दोन, हिरवे, एक चालते, एक उभे. पी. रणपिसे, गार्ड."

इतकं स्वच्छ टिपण माझ्या विद्यार्थिनींनी केलं असतं तर मी कधीच निवृत्त झाले नसते.

मी विचारलं, "रविवारी उपासना का चुकवता?"

"ड्यूटी, बाई."

"दर रविवारी? मरियम असती तर काय म्हणाली असती?"

ते हसले. "ती म्हनली असती, जावा."

हे उत्तर मला समजलं नाही. मरियम एकही उपासना चुकवत नसे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ऊन वाढतं आहे. बरणीतलं पाणी आटतं आणि काचेवर, जुन्या पातळीपाशी, पांढरी रेघ उमटते. पाणी जातं, मीठ मागे राहतं. म्हणून आटलेल्या पाण्यात मीठ नसलेलं शुद्ध पाणी घालावं लागतं. इथल्या विहिरीचं मचूळ पाणी चालत नाही. रणपिसे गाडीच्या डब्यांच्या बॅटऱ्यांत घालायचं शुद्ध पाणी बाटलीभर मागून आणतात.

अंधारातली पानं पिवळसर वाटतात. उजेडातली जशीच्या तशी.

एक गोष्ट खटकली. रणपिसेंच्या बुटांवर, टाचेच्या वर, चुन्यासारखी पांढरी रेघ होती. सरकारी गणवेश, पितळी बटणं चकचकीत, आणि बूट असे. मी स्पष्ट सांगितलं की बूट स्वच्छ ठेवावेत. ते खाली पाहून म्हणाले, "ठेवतो." रेल्वेत शिस्त राहिली नाही.

घरी आल्यावर सोजरा म्हणाली, "बाई, मंगळवारी निळ्या काठाचं लुगडं का नेसता वो?"

म्हटलं, साक्षीच्या कामाला नीटनेटकं जावं लागतं.

"व्हय व्हय," ती म्हणाली, आणि उगीचच भांडी जोरात घासत बसली.

शनिवार, १४ फेब्रुवारी

पेन दोनदा खाली ठेवलं. तरी लिहिते.

गुरुवारी शिरूरला बक्षीससमारंभासाठी गेले. दोन दिवस राहावं लागलं. आज दुपारी परत आले तर उजेडाच्या बरणीत एक पान मरून तळाशी पडलेलं. दुसरं आखडून मिरीच्या दाण्याएवढं झालेलं.

सोजराला विचारलं. ती म्हणाली, "काल पानी लईच आटलं व्हतं, बाई. तुमी न्हाईत. म्या बाटलीतलं पानी घातलं. मग वाटलं आळणी झालं आसंल. म्हून मूठभर मीठ टाकलं."

"मीठ? कोणी सांगितलं?"

"तुमीच म्हनता समिंदराचं पानी हाय म्हून. समिंदर खारटच आसतोय न्हवं?"

"सोजरा, चाखून तरी पाहायचं होतंस."

"बघितलं की. जरा फिक्कं लागलं. म्हून आजून येक चिमूट टाकली."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सिस्टर बर्नाडीन वाचत असतील. सोजरा पदर तोंडाला लावून रडली आणि न जेवता बसून राहिली. शेवटी भाकरीचं ताट मीच तिच्यापुढे नेऊन ठेवलं. पाणी जातं आणि मीठ मागे राहतं हे मी चौतीस वर्षं पाचवीच्या वर्गाला सांगितलं. माझ्याच चुलीशी बसणाऱ्या बाईला एकदाही सांगितलं नव्हतं.

बॅटरीचं पाणी घालून बरणी सौम्य केली आहे. पण ताजं समुद्राचं पाणी मंगळवारशिवाय नाही. दुपारच्या गाडीच्या गार्डाबरोबर रणपिसेंना चिठ्ठी धाडली, निदान साक्षीदाराला कळावं म्हणून. तोवर हे पान टिकणार नाही. सत्तावीस वर्षं थांबले ती एका मूठभर मिठासाठी.

रविवार, १५ फेब्रुवारी

संध्याकाळी पाचला दारात रणपिसे. साध्या कपड्यांत, हातात एनॅमलचा डबा, गच्च भरलेला.

"आज कसं आलं पाणी?"

"सोबत्याला आयती गाडी मिळाली."

त्यांच्या धोतराचा काठ गुडघ्यापर्यंत ओलसर होता. डबा हिंदकळला असणार. आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मी पाणी गाळलं, आखडलेलं पान हळूच त्यात सोडलं. आम्ही दोघं खिडकीशी, ते बाहेरून, मी आतून, बघत राहिलो. पाऊण तासाने त्याने एक शिंग बाहेर काढलं. मग दुसरं.

"१७ वाजून ५१ मिनिटे," रणपिसे म्हणाले. त्यांच्याकडे वही नव्हती, सवय.

मी आभार मानले आणि उपासना पुन्हा चुकवल्याबद्दल सुनावलं. सोजराने चहा दिला तो त्यांनी पायरीवर बसून घेतला. जाताना तिला म्हणाले, "मावशी, रडू नका. आमच्या बायबलात बी मीठ चांगलंच मानलंय."

मंगळवार, २४ फेब्रुवारी

अंधारातलं एक पान गेलं. उरलेलं कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालं आहे, आरपार. उजेडातलं, ज्याने मीठ सोसलं ते, तिसाव्या दिवशीही हिरवंगार. पत्रिकेला लिहायला आणखी काय हवं?

पण प्रयोग साठ दिवसांचा आहे.

मंगळवार, ३ मार्च

साक्ष: "अंधाराची बरणी, नग एक. हलत नाही. श्वास चालू असावा." हे 'असावा' रणपिसेंनी खोडून पुन्हा लिहिलं.

मग विचारलं, "बाई, ह्याला किती दिवस असं ठेवायचं?"

"साठ. आज सदतीस झाले."

"आन् मेलं तर?"

"तर प्रयोग सिद्ध झाला."

मेल धडधडत पुढे गेली. मग ते म्हणाले, "मरियम शेवटचे दोन महिने उजेडाकडं खाट लाव म्हनायची. मी डॉक्टरचं ऐकून पडदे लावून ठिवले व्हते."

मी टोपली उचलली आणि घरी आले. माणसांनी शास्त्रात आपली दुःखं आणू नयेत.

गुरुवार, ५ मार्च

एकोणचाळिसावा दिवस.

दुपारी कपाट उघडलं. काळं कापड काढलं. त्याने डोकंही वर केलं नाही. मी कपाट लावलं. पोळी खाल्ली. कपाट पुन्हा उघडलं.

बरणी खिडकीत आणून ठेवली आहे. साठ दिवस पुरे केले नाहीत. पत्रिकेतला तो मनुष्य, जिवंत असेल तर, म्हणेल की पाहा, बाईमाणूस. म्हणू दे. तो कधी कपाटासमोर उभा राहिलेला नाही.

आजची चूक कोणाची, ठरवता येत नाही.

मंगळवार, १० मार्च

रणपिसे ब्रेकव्हॅनमधून उतरले ते पाण्याच्या डब्याबरोबर जेवणाचा डबाही घेऊन. "रागावू नका, बाई," म्हणाले, आणि झाकण काढलं. आत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगडाचा कपचा, त्यावर हिरवं शेवाळ. अगदी तेच, पिसासारखं, ज्याच्यावर मला पानं सापडली होती.

"तुमचा नियम मोडतोय. पन त्याला एक घास द्या. मी साक्षीत तसं लिहितो."

मी टोपलीवरचं फडकं काढलं. काळं कापड नसलेली, फिक्या पानाची बरणी पाहून त्यांनी टोपीच काढली.

"कवा?"

"गुरुवारी."

मग आम्ही दोघंही भलतीकडेच पाहू लागलो.

घरी येताना एक विचार आला. खडकांवर पन्नास जातींचं शेवाळ असतं. रणपिसेंच्या सोबत्याने नेमकं हेच कसं ओळखलं? वहीतलं माझं चित्र रणपिसेंनी त्याला समजावलं असावं. असा सोबती मिळणं दुर्मिळ. त्याचं नाव विचारून आभाराचं पत्र धाडायला हवं.

गुरुवार, १९ मार्च

हे मी घाईने लिहिते आहे, कारण पुन्हा भिंगाशी जायचं आहे.

फिकं पान खाऊ लागल्यापासून आतून हिरवं होतं आहे. आधी मधोमध एक हिरवी रेघ, मग तिला फांद्या, फांद्यांना काड्या, आता पदराच्या काठापर्यंत. म्हणजे हा रंग त्याचा स्वतःचा नाहीच! तो शेवाळाचा. खाल्लेलं हिरवं ते पचवून टाकत नाही. अंगात पसरून जपून ठेवतं, आणि उजेड मिळेल तोवर ते हिरवं त्याला जगवतं. १९३२ साली मला एवढंच कळलं होतं की ते टिकतं. का टिकतं ते आज दिसलं. साठ दिवस पुरे करून ते मेलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं.

सोजराला बोलावून दाखवलं. ती भिंगातून पाहून म्हणाली, "दुसऱ्याचं घेतलं, पन मोडलं न्हाई. आपलं म्हून ठिवलं."

हे वाक्य मी निबंधात घालणार आहे, तिच्या नावासह.

मंगळवार, २४ मार्च

रणपिसे आले नाहीत.

गाडी आली. ब्रेकव्हॅनमधून दुसराच कोणी गार्ड उतरला. रणपिसे कुठे आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सिकवर, आजारी रजेवर आहेत. ह्या एकतीसला रिटायर होतात, आता कशाला येतील?"

एकतीस तारखेला निवृत्ती, आणि मला सांगितलं नाही! पाण्याचं काय, हा विचारसुद्धा केला नाही. परवा साठावा दिवस. साक्षीशिवाय साठावा दिवस फुकट आहे. हा निव्वळ बेजबाबदारपणा.

सोजरा म्हणाली, "मग जावा की दौंडला."

"मी? कशासाठी?"

"सहीसाठी," ती म्हणाली. फार गंभीर चेहऱ्याने.

गुरुवार, २६ मार्च. साठावा दिवस

सकाळच्या गाडीने दौंडला गेले. टोपलीत दोन्ही बरण्या आणि वही. रेल्वे वसाहतीत विचारत विचारत त्यांची खोली काढली. दार उघडंच होतं. ते खाटेवर, उजवा पाय बांधलेला, उशीवर. मला पाहून उठायला लागले.

"पडून राहा. सहीसाठी आले आहे."

"सही उताणं पडून होत न्हाई, बाई," म्हणत ते भिंतीला टेकून बसले.

मी बरण्या खिडकीत मांडल्या. त्यांनी नेहमीप्रमाणे घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: "१० वाजून १८ मिनिटे. दिवस ६०. उजेडाचे नग एक, अन्नाशिवाय, हिरवे, चालते. फिके नग, अन्न दिल्यावर, हिरवे, चालते." मग सही.

पायाला काय झालं विचारलं. म्हणाले, गाडीच्या पायरीवर घसरलो. बांधणी घाण झाली होती; त्यांना ती नीट बदलता येत नव्हती हे उघड होतं. मी सोडली. तळव्याला वाकडातिकडा, दातेरी काप. लोखंडाच्या पायरीने असा काप पडत नाही. रत्नागिरीला खडकांवर कालवांच्या शिंपांनी असे कापलेले पाय मी पुष्कळ पाहिले आहेत.

दाराशी त्यांचे बूट होते. पॉलिश केलेले, आरशासारखे. आणि त्या पॉलिशच्या खालून, टाचेच्या वर, एक पांढरी रेघ पुन्हा फुटून आली होती. माझ्या बरणीवर दर आठवड्याला येते तशीच.

पाणी जातं, मीठ मागे राहतं.

मी बुटाला बोट लावून जिभेला लावलं. सोजरासारखं.

"सोबती कोणी नाही," मी म्हटलं.

ते खिडकीकडे पाहत राहिले. "न्हाई."

"रविवारी रेस्ट असतो. शनिवारी रात्रीच्या गाडीने मुंबई, सकाळी खडकांवर, संध्याकाळी परत. दर रविवारी?"

"ओहोटी बघून. कवा सकाळी असती, कवा दुपारी."

"आणि ह्या खेपेला बूट काढून अनवाणी उतरलात. का?"

"तुम्ही म्हनला व्हता, बूट स्वच्छ ठिवा. पॉलिश केलं तरी रेघ जाईना. म्हनून काढले."

मी खुर्ची ओढून बसले. मग विचारलं, "हे सगळं शास्त्रासाठी केलंत?"

"शास्त्रातलं मला काय कळतं, बाई." ते माझ्याकडे न पाहता बरणीशी बोलत होते. "मला मंगळवार पाहिजे व्हता."

पाय गरम पाण्याने धुतला. त्यात मीठ घातलं, चाखून. नवी पट्टी बांधली. गाडीची वेळ होईपर्यंत तिथेच बसले. त्यांनी सांगितलं, मनमाडचा मुलगा फिलिप एप्रिलपासून तिकडे राहायला बोलावतो आहे. मी बरं म्हटलं. गाडीत बसल्यावर कळलं की मला ते बरं वाटलेलं नाही.

नवा चष्मा करून तीन महिने झाले. टाचणीच्या टोकाएवढे डोळे मी मोजले.

आजची चूक: माझी.

रविवार, २९ मार्च. ईस्टर

निबंध काल टपालात टाकला. छापतील किंवा पुन्हा तीन ओळी लिहितील.

उपासनेला रणपिसे काठी टेकत आले आणि माझ्या पुढच्या बाकावर बसले. पुनरुत्थानाचं गीत त्यांनी असं काही भलत्या पट्टीत सुरू केलं की पेटी वाजवणाऱ्या कृपाबाई मान वळवून पाहू लागल्या. माझी ओळ चुकली नाही.

बाहेर पडताना म्हटलं, "मनमाडला कधी?"

"पाय बरा झाल्यावर ठरवू."

"कालवाची जखम बरी व्हायला फार वेळ लागतो," मी म्हटलं. शास्त्राच्या बाईने अशी अतिशयोक्ती करू नये.

गुरुवार, २ एप्रिल

साठ दिवस संपल्यावर दोन्ही पानं एकाच बरणीत, शेवाळाबरोबर ठेवली होती. ह्या जीवांत नर वेगळा, मादी वेगळी असं नसतं. प्रत्येक जण दोन्ही असतो. पण अंडी घालायला दुसऱ्याची सोबत लागतेच. आज सकाळी काचेवर पांढऱ्या रेशमाचा गोल वळसा होता, जिलबीच्या एका वेढ्यासारखा. भिंगातून हजारो ठिपके. त्यांतून पिल्लं निघतील ती पाठीवर काचेसारखा इवलासा शंख घेऊन पोहतील आणि मोठी होताना तो टाकून देतील. पिल्लांना उघडा समुद्र लागतो. केडगावात ती जगणार नाहीत.

रणपिसेंना चिठ्ठी धाडली: पानं परत न्यायला हवीत. चालता येतं का?

उत्तर परतीच्या गाडीने आलं: येतं.

सोजरा बरणी पाहून म्हणाली, "मिठानं मारलं, मिठातच सुखी ऱ्हातील, जाऊ द्या." मग पदराने काच पुसली आणि अंड्यांच्या बाजूने हळूच दोन बोटं फिरवली.

शनिवार, ११ एप्रिल. मुंबई

सकाळच्या ओहोटीला पोचलो. ते त्यांच्या पासावर, मी माझ्या तिकिटावर. मी बजावलं होतं की पायांत बूट हवेत, रेघ पडली तरी चालेल. निळ्या काठाचं लुगडं ओलं झालं. रेघ पडली तर पडू दे.

ज्या खडकाशी ती मला सापडली होती तो रणपिसेंना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. दगडाचा कपचा शेवाळासकट त्यांनी खाचेत बसवला. मी बरणी पाण्याखाली आडवी धरली. मीठ सोसलेलं पान आधी निघालं, मग अंधारातून आलेलं. दोघांनी पदर उघडले आणि शेवाळात अशी मिसळली की दोन वितींवरूनही ओळखू येईनात. अंड्यांचा वळसा मी त्यांच्या शेजारी ठेवला.

"८ वाजून ३७ मिनिटे," रणपिसे म्हणाले. वही मी मुद्दामच आणली नव्हती.

पाणी चढू लागलं तेव्हा त्यांनी एनॅमलचा रिकामा डबा उचलला आणि माझ्याकडे हात केला, खडक निसरडा होता म्हणून. मी तो धरला.

"डबा भरून घ्या," मी म्हटलं.

"आता कशाला, बाई? बरणी तर रिकामी हाय."

"मंगळवारी लागेल," मी म्हटलं.